अनोळखी सॉल्टची पुडी

बारावी सायन्सला फिजिक्स, केमिस्ट्री आणि बायोलॉजी मिळून ३०० गुण. त्यातले ९० प्रॅक्टिकलचे, प्रत्येक विषयाला ३०. या ९० गुणांबद्दल घरोघरी एकच वाक्य ऐकू येतं, "ते काय, मिळतातच." मी तालुक्याच्या गावातल्या एका ज्युनिअर कॉलेजात केमिस्ट्री शिकवते. ॲडमिशनच्या दिवसांत हे वाक्य पालकांच्या तोंडून हटकून कानावर येतं आणि दर वेळी मनाला लागतं. कारण माझ्या मते अकरावी-बारावीच्या दोन वर्षांत मुलं स्वतः विज्ञान करतात ती या ९० गुणांच्या तासांतच. उरलेल्या २१० गुणांसाठी दुसऱ्यांनी केलेलं विज्ञान वाचायचं असतं. तेही हवंच, पण त्यात उत्तर आधीच छापलेलं असतं.

सॉल्ट ॲनालिसिसचं प्रॅक्टिकल घ्या. लॅबमधले मामा प्रत्येकाच्या हातात कागदाची छोटी पुडी देतात. वर पेनाने नंबर, आत चमचाभर पावडर. कोणत्या पुडीत काय आहे ते फक्त कपाटातल्या वहीत लिहिलेलं. त्या पावडरीत धन भाग कोणता आणि ऋण भाग कोणता, ते शोधायचं. मुलं आधी रंगावर झडप घालतात. निळं असेल तर कॉपर, गुलाबी असेल तर कोबाल्ट, हिरवं असेल तर निकेल किंवा फेरस. पांढरं निघालं की चेहरा पडतो, कारण पांढरं काहीही असू शकतं. मला पांढऱ्या पुड्या द्यायला आवडतात.

मग सुरू होते ग्रुपची वाट, म्हणजे धन भाग गटागटाने वेगळे काढत जाण्याची. सॉल्टचं पाण्यात द्रावण करायचं आणि त्यात ठरलेल्या क्रमाने एकेक अभिकर्मक घालत जायचं. आधी हायड्रोक्लोरिक ॲसिड, मग त्याच आम्लात हायड्रोजन सल्फाइड, मग अमोनियम क्लोराइड आणि अमोनिया, असं पुढे पुढे. ज्यांची क्लोराइडं विरघळत नाहीत ते पहिल्या पायरीला खाली बसतात, ज्यांची सल्फाइडं आम्लातही विरघळत नाहीत ते दुसऱ्या पायरीला. शेवटपर्यंत तग धरतो तो मॅग्नेशियम. क्रम चुकवला की सगळं ओम् फस्, कारण पुढच्या ग्रुपातले आधीच्या ग्रुपात शिरतात. इतकी सुंदर रचना वर्गात फळ्यावर मांडली की तक्ता होते, आणि तक्ता पाठ करायचा असतो. हातात परीक्षानळी असली की तीच रचना युक्तिवाद होऊन समोर येते.

एका वर्षी एका मुलीला पांढरी पुडी आली. पहिल्या ग्रुपात काही नाही. दुसऱ्या ग्रुपात किप्सच्या उपकरणातून सडक्या अंड्याच्या वासाचा वायू सोडला आणि काळाकुट्ट साका बसला. शेजारच्या मुलाने लगेच सांगितलं, काळं म्हणजे कॉपर, लिहून टाक. तिने लिहिलं नाही. माझ्याकडे आली आणि म्हणाली, "मॅडम, कॉपर असतं तर द्रावण निळं नको का? माझं तर पाण्यासारखं आहे." मी तिला उत्तर दिलं नाही. किती पावडर किती पाण्यात घातली होतीस, एवढंच विचारलं. ती परत जागेवर गेली. पुडीत उरलेलं सॉल्ट थोड्याच पाण्यात विरघळवलं आणि नळी गार ठेवून ॲसिड घातलं. पांढरा साका खाली बसला.

ते शिसं होतं. लेड क्लोराइड पूर्ण अविद्राव्य नाही. एक लिटर पाण्यात साध्या तापमानाला सुमारे १० ग्रॅम मावतं, उकळत्या पाण्यात ३३ ग्रॅमपर्यंत. द्रावण पातळ असेल तर पहिल्या ग्रुपात शिसं दिसतच नाही. ते विरघळलेलं पुढे जातं आणि दुसऱ्या ग्रुपात काळं लेड सल्फाइड होऊन सापडतं. तक्त्यात शिसं पहिल्या आणि दुसऱ्या अशा दोन्ही ग्रुपांत लिहिलेलं असतं. हजारो मुलं ते पाठ करतात आणि दोनदा का लिहिलंय हे कुणी विचारत नाही. त्या मुलीला ते विचारावं लागलं, कारण नळीतला रंग तिचं ऐकत नव्हता.

पुढचं तर मी अजूनही दर वर्षी वाकून बघते. तो पांढरा साका गरम पाण्यात विरघळवून त्यात पोटॅशियम आयोडाइडचे थेंब घालायचे. हळदीसारखा पिवळा साका येतो. भरपूर पाणी घालून उकळलं की तोही विरघळतो, नळी पारदर्शक होते. मग ती नळाच्या धारेखाली धरायची. क्षणभर काहीच होत नाही. नंतर पाण्याच्या आत सोनेरी चकत्या उगवायला लागतात, पातळ आणि लखलखत्या, नळी फिरवली की उलटसुलट होत खाली उतरणाऱ्या. खिडकीकडे नळी धरून पोरं ओरडतात आणि मी त्यांना ओरडू देते. शिसं विषारी, म्हणून हल्ली अगदी थोडं वापरतो आणि द्रावण बेसिनमध्ये न ओतता वेगळ्या बाटलीत जमवतो. पण हा प्रयोग यादीतून काढून टाकायला माझा जीव धजावत नाही.

टायट्रेशनमध्येही असाच एक क्षण असतो. ऑक्झॅलिक ॲसिडमध्ये पातळ सल्फ्युरिक ॲसिड घालून ते ६०-७० अंशांपर्यंत तापवायचं आणि ब्युरेटमधून, म्हणजे तळाशी तोटी असलेल्या मोजनळीतून, जांभळं केएमएनओफोर (पोटॅशियम परमँगनेट) सोडायचं. पहिला थेंब पडतो आणि रंग जातच नाही. गुलाबी तसाच. घाईची मुलं तिथेच एंड पॉइंट आला, म्हणजे क्रिया पूर्ण झाली, असं समजून रीडिंग घेतात. फ्लास्क हलवत राहिलं की काही सेकंदांनी रंग उडतो, पुढचे थेंब मात्र पडल्या पडल्या नाहीसे होतात. या क्रियेतून तयार होणारं मँगनीज हेच त्या क्रियेचं उत्प्रेरक असतं. म्हणजे सुरुवातीला मदत करायला कुणीच नसतं, आणि जसजसं काम होत जातं तसतशी मदत वाढत जाते. पुस्तकात यासाठी स्वयंउत्प्रेरण असा शब्द आहे. ज्याने तो पहिला रेंगाळलेला थेंब बघितलाय त्याला तो शब्द समजावून सांगावा लागत नाही.

फिजिक्सच्या लॅबमध्ये रंग नाहीत, वास नाहीत. तिथे आकडे असतात, आणि खोटं बोलायचा मोहही तिथेच सर्वांत जास्त. आमचे फिजिक्सचे सर लोलकाच्या प्रयोगाबद्दल जे सांगतात ते प्रत्येक सायन्सच्या मुलाने ऐकायला हवं. अकरावीला लोलकाची लांबी बदलत आंदोलनकाल मोजायचा, आलेख काढायचा आणि त्यावरून दोन सेकंद आंदोलनकालाच्या लोलकाची लांबी शोधायची. त्यातून गुरुत्वत्वरणही काढता येतं. बऱ्याच जर्नलांत उत्तर ९८१ असतं, कारण पुस्तकात ९८१ आहे. पण ९८१ सेंटिमीटर प्रति सेकंद वर्ग हा आकडा युरोपच्या अक्षांशांवरचा. पृथ्वी विषुववृत्ताकडे फुगलेली आहे, शिवाय स्वतःभोवती फिरते, त्यामुळे आपल्याकडे हे मूल्य कमी भरतं. मुंबईत ते साधारण ९७८.६ आहे आणि पुणं समुद्रसपाटीपासून उंच असल्याने तिथे आणखी थोडं कमी. दोन सेकंदांच्या लोलकाची लांबी आपल्याकडे ९९.१५ सेंटिमीटरच्या आसपास येते, ९८१ धरलं तर ९९.४. जेमतेम अडीच मिलिमीटरचा फरक.

आता कॉलेजच्या स्टॉपवॉचने हा फरक पकडता येतो का? नाही. वीस आंदोलनांना चाळीस सेकंद धरली आणि बटण दाबताना सेकंदाच्या दहाव्या भागाची चूक झाली तरी उत्तरात अर्धा टक्का फरक पडतो, म्हणजे जवळजवळ पाच एकक. तेव्हा प्रामाणिक वर्गात कुणाचं ९७२ येईल, कुणाचं ९८५, कुणाचं ९७९. चाळीस जर्नलांत चाळीस वेळा ९८१ आलं तर त्या लॅबमध्ये लोलक हलला नव्हता एवढंच सिद्ध होतं. सर ९७२ लिहिणाऱ्याला पूर्ण गुण देतात, मात्र रीडिंग एकमेकांशी का जुळत नाहीत यावर तीन ओळी लिहून घेतात. एका मुलाने लिहिलं होतं, पंखा चालू होता. सरांनी पंखा बंद करून त्याच्याकडून रीडिंग परत घ्यायला लावलं.

बायोलॉजीच्या मॅडमचा कांदा मला तितकाच आवडतो. पाण्याच्या ग्लासवर कांदा बसवून ठेवायचा, पांढरी मुळं फुटू द्यायची. सकाळी मुळांची टोकं कापून अल्कोहोल आणि ॲसेटिक ॲसिडच्या मिश्रणात ठेवायची. नंतर आम्लात किंचित गरम करून ॲसेटोकार्मिनने रंगवायची आणि काचपट्टीवर टिपकागद ठेवून अंगठ्याने दाबायची. या अंगठ्याच्या दाबाला शब्द नाहीत. कमी पडला तर पेशी एकमेकींवर चढलेल्या राहतात, जास्त झाला तर कव्हरस्लिपचा चुरा. मग मायक्रोस्कोप. मुलं शोधत असतात पुस्तकातलं चित्र, चार चौकटींत चार अवस्था, सगळ्या सारख्या आकाराच्या. काचेवर दिसतं ते निराळंच. बहुतेक पेशींत नुसता गोल केंद्रक असतो, विभाजनाची कसली चिन्हं नाहीत. पट्टी सरकवत सरकवत गेलं की कुठेतरी एखादी पेशी सापडते जिच्यात गुणसूत्रं मध्यावर ओळीने उभी आहेत, किंवा दोन टोकांकडे ओढली जाताहेत. कांद्याच्या पेशीत ती सोळा असतात. कुठली अवस्था किती वेळ टिकते ते त्या गर्दीवरूनच कळतं. ज्या अवस्थेत जास्त पेशी दिसतात ती जास्त काळ चालते. चार सारख्या चौकटींनी हे आयुष्यात कळलं नसतं.

बेडकाचं डिसेक्शन गेलं ते योग्यच झालं. एवढ्याशा शिक्षणासाठी इतके जीव घेणं मला तेव्हाही पटत नव्हतं. आक्षेप आहे तो त्याच्या जागी भिंतीवर तक्ता लावून मोकळं होण्याला. कांदा आहे, हायड्रिला आहे, ऱ्हिओच्या पानाची जांभळी साल आहे. मिठाच्या पाण्यात तिच्या पेशींतला रंग आकसताना दिसतो. यातल्या कशालाच जीव गमवावा लागत नाही आणि खर्च जवळजवळ शून्य.

परत माझ्या लॅबकडे येते, कारण फ्लेम टेस्टबद्दल सांगायचं राहिलं. सॉल्ट ज्योतीत धरलं की स्ट्राँशियम किरमिजी देतं, बेरियम पोपटी, कॅल्शियम विटकरी. आणि सोडियम सगळ्यांवर कुरघोडी करतं. बोटाचा घाम लागला तरी ज्योत पिवळी होते. स्वयंपाकघरात मिठाचं पाणी उतू गेलं की गॅसची निळी ज्योत पिवळी होते ती यामुळेच. सोडियमच्या या दांडगाईने एकदा फसलेल्या मुलांना मी विजयदुर्गाची गोष्ट सांगते. किल्ल्यावर 'साहेबाचे ओटे' दाखवतात आणि हेलियमचा शोध इथेच लागला असं अभिमानाने सांगतात. नोंदी वेगळं सांगतात. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणात फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जान्सेन गुंटूरला होता. या शोधाचं श्रेय ज्याला मिळतं तो इंग्रज खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकयर तेव्हा इंग्लंडमध्ये होता. त्याच वर्षी ऑक्टोबरात त्याने ग्रहणाशिवायच सूर्याच्या कडेचा वर्णपट तपासला. त्यात एक पिवळी रेषा होती, सोडियमच्या दोन रेषांच्या अगदी जवळ, पण त्यांच्यावर नेमकी न बसणारी. तीच हेलियमची रेषा. लॉकयर विजयदुर्गाला आला तो पुढे, २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणासाठी. त्याच ग्रहणासाठी पुण्याच्या सायन्स कॉलेजचे प्रा. कावसजी दादाभाई नायगमवाला आपली उपकरणं घेऊन जेऊरला गेले होते. ते नाव आपल्याकडे फारसं कुणाला माहीत नाही याची मला खंत वाटते.

यातली दोन्ही सत्यं मला मुलांना द्यायची असतात. आपल्या किल्ल्याचा मान खराच आहे, फक्त तो ज्या कारणासाठी आहे त्या कारणासाठी द्यावा. आणि ती रेषा सोडियमची नाही असं म्हणायची हिंमत ज्याला झाली, त्याने सोडियमची रेषा कुठे पडते ते आधी स्वतः मोजलेलं होतं. "पिवळं आहे ना, मग सोडियमच" म्हणणाऱ्याच्या हाती नवं मूलद्रव्य लागलं नसतं.

आता कडू भाग. लॅब रिकाम्या पडत चालल्या आहेत. आमच्या पिढीत मेडिकल-इंजिनिअरिंगचे प्रवेश बारावीच्या गुणांवर व्हायचे, त्यामुळे बोर्डाच्या परीक्षेला आणि पर्यायाने प्रॅक्टिकलला वजन होतं. मग प्रवेशपरीक्षा आल्या. जेईई मेनमध्ये २०१३ ते २०१६ या काळात बोर्डाच्या गुणांना ४० टक्के वाटा होता, २०१७ पासून तोही गेला. नीट, जेईई, एमएच-सीईटी, कुठेही ब्युरेट हातात धरावी लागत नाही. त्यातून 'इंटिग्रेटेड' आलं. नाव एका कॉलेजात, मुलगा दिवसभर क्लासमध्ये. २०१८ मध्ये राज्य सरकारला सायन्सच्या अकरावी-बारावीसाठी बायोमेट्रिक हजेरीचा आदेश काढावा लागला. मुलं वर्गात दिसत नाहीत, याची सरकारदरबारी झालेली ही नोंदच म्हणायची. अशा मुलांची जर्नलं कुणीतरी विकत आणलेल्या तयार जर्नलांवरून उतरवतं. परीक्षेच्या दिवशी सॉल्ट कोणतं ते आधीच कळलेलं असतं. मुलाच्या हाताला सिल्व्हर नायट्रेटचा एकही काळा डाग न पडता ३० पैकी २९ मिळतात.

मी मुलांना दोष देत नाही, पालकांनाही नाही. ज्याला सीट हवी आहे तो सीटच्या मागे जाणार. माझा राग आहे तो ज्या परीक्षेने आयुष्य ठरतं त्या परीक्षेत विज्ञानाचा हा भाग अजिबात न मोजण्यावर. तो मोजता येत नाही असंही नाही. आपल्याच मानखुर्दला होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे, तिथे ऑलिंपियाडसाठी देशाचे संघ तयार होतात. आंतरराष्ट्रीय फिजिक्स ऑलिंपियाडमध्ये ५० पैकी २० गुण प्रयोगाचे असतात, केमिस्ट्रीत ४० टक्के. या तिन्ही विषयांची आंतरराष्ट्रीय ऑलिंपियाडं मुंबईत झालेली आहेत, केमिस्ट्रीचं २००१ मध्ये, बायोलॉजीचं २००८ मध्ये, फिजिक्सचं २०१५ मध्ये. आणि सहावी-नववीला आपली मुलं होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धेत बसतात, तिथेही प्रात्यक्षिकाची फेरी असते. म्हणजे नववीत जे मूल हौसेने प्रयोगाची तयारी करतं, त्याच मुलाला आपण अकरावीत सांगतो की आता हे पुरे, एमसीक्यू सोडव.

लाखो मुलांची प्रॅक्टिकल परीक्षा एका दिवशी घेता येणार नाही, हे मलाही कळतं. पण कागदावरही प्रयोग विचारता येतो. पाच खरी रीडिंग द्या, त्यातलं एक बाकीच्यांपासून फटकून असलेलं, आणि विचारा की याचं काय करायचं आणि का. मायक्रोस्कोपखालचा खरा फोटो द्या, त्यातल्या पेशी मोजायला लावा आणि कोणती अवस्था सर्वांत जास्त वेळ टिकते ते ओळखायला सांगा. केएमएनओफोरचा पहिला थेंब रेंगाळला तर मुलाने काय करावं, असे चार पर्याय द्या. हे प्रश्न मशीनवर तपासता येतात, आणि ज्याने एकदा तरी ते काम केलंय त्याला अर्ध्या मिनिटात सुटतात. पाठ करून मात्र सुटत नाहीत. विषयाला असे पाच-पाच प्रश्न आले, तर दोन वर्षांच्या आत क्लासवाले स्वतःहून ब्युरेट आणि मायक्रोस्कोप विकत घ्यायला लागतील. खुशाल घेऊ देत, माझी काही हरकत नाही. मुलांच्या हातात नळी आली म्हणजे झालं, मग ती कुणाच्या का लॅबमधली असेना.